बरडावर ज्वारी, खोलात पऱ्हाटी

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग धरत असत. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, खोल काळ्या मातीचा तो पयनघाट, आणि त्याच्या दक्षिणेला डोंगररांगांवर पसरलेला तो बालाघाट. यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका बालाघाटातला. अडाण आणि अरुणावती या दोन नद्या इथले पाणी घेऊन पैनगंगेकडे जातात. त्यांच्या आजूबाजूचा हा मुलूख सह्याद्रीसारखा उंच नाही, पण सपाटही नाही. टेकाड, त्याचा उतार, उताराखाली नाला आणि नाल्यापलीकडे पुन्हा टेकाड, अशी इथल्या शिवारांची घडण आहे. माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्याला आपण बरड म्हणतो. मधल्या उतारावर हात-दीड हात मध्यम माती असते. नाल्याकाठी मात्र पुरुषभर खोल काळी सापडते. तिन्ही प्रकारची जमीन पुष्कळदा एकाच सातबाऱ्यावर, एकाच वावरात असते. तरीही गेली पंचवीस-तीस वर्षे या तिन्हींवर एकच पीक उभे केले जाते. आधी माथ्यापासून नाल्यापर्यंत कापूस होता, आता निम्म्या ठिकाणी सोयाबीन आहे. या पट्ट्यात पाणलोट आणि पीकनियोजनाच्या कामात वावरताना माझे जे मत बनले ते असे की, ज्वारी, तूर, मूग, उडीद ही धान्ये आणि कापूस, सोयाबीन ही नगदी पिके यांचा तोल तालुक्याच्या आकडेवारीवर किंवा त्या वर्षीच्या भावावर ठरवता येत नाही. तो प्रत्येक वावराच्या उतारावर ठरतो. आणि धान्याचा वाटा किती, हे पोत्यांवर मोजून भागत नाही. त्या धान्याने मातीला परत काय दिले, तेही हिशेबात धरावे लागते.

आधी ओलाव्याचे गणित पाहू, कारण बाकी सारे त्यावर उभे आहे. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असा साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओलावा धरून ठेवते. वीतभर बरडात चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या वर काही राहत नाही. भर वाढीतले पीक आणि ऊन मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतात. म्हणजे शेवटच्या पावसानंतर बरडावरचे पीक आठ-दहा दिवस तग धरते आणि खोल काळीतले पीक महिना-सव्वा महिना. विदर्भातून पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. आता पिकांचे दिवस मोजा. मूग साठ-पासष्ट दिवसांचा, उडीद सत्तर-पंचाहत्तरचा, सोयाबीन वाणानुसार पंच्याऐंशी ते शंभर, संकरित ज्वारी शंभर ते एकशेपंधरा, कापूस आणि तूर एकशेसाठ ते एकशेऐंशी. जूनअखेर पेरलेली ज्वारी दाणा भरून मोकळी होते तेव्हा बरडातली ओल संपत आलेली असते. त्याच दिवशी लावलेल्या कापसाला मात्र तेव्हा बोंडे धरलेली असतात आणि ती भरायची असतात. बरडावरच्या पऱ्हाटीची पाने ऑक्टोबरातच लाल का पडतात आणि बोंड कवडीएवढे का राहते, त्याची बरीचशी उकल इथे होते. त्याच वावरात नाल्याकाठची पऱ्हाटी डिसेंबरपर्यंत हिरवी असते. दोन्हीकडे बियाणे एक, खत एक, औषध एक, खर्च एक, आणि उत्पन्न निम्म्याहून कमी. हा तोटा दिसत नाही, कारण आपण वावराचा कापूस एकत्र मोजतो. नाल्याकाठचा कापूस बरडावरच्या कापसाचे कर्ज फेडत राहतो आणि हिशेबाच्या वहीत सरासरी तेवढी उतरते.

या भागाने धान्य आणि कापूस यांचा तोल पूर्वी सांभाळला होता, आणि तो बिघडल्यावर काय होते हेही पाहिले आहे. १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे पाहिले, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडाचा कापूस थेट मुंबई बंदराला जाऊ लागला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची शकुंतला आली ती मुख्यतः कापूस वाहायलाच. पैसा आला, यात शंका नाही. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हाच श्रीमंत समजला जाणारा प्रांत भुकेने होरपळला. ज्वारी कमी पेरलेली, बाहेरून आलेल्या धान्याचा भाव चढलेला आणि वेचणीची मजुरी बंद, अशा तिहेरी कात्रीत सर्वांत आधी मजूर सापडला. नगदी पिकाने हातात पैसा येतो आणि पैशाने धान्य विकत घेता येते, हे चांगल्या वर्षी खरे असते. वाईट वर्षी कापूसही जातो आणि धान्यही महागते, आणि दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात होतात. तेव्हाची उपासमार आज नाही, कारण रस्ते, रेशन आणि रोजगार हमी आहे. पण दोन्ही आपत्ती एकाच वेळी येण्याची रीत बदललेली नाही. फरक इतकाच, की आता भाकरीऐवजी पीककर्जाचा हप्ता चुकतो.

ज्वारी इथून गेली कशी, तेही सरळ सांगितले पाहिजे, कारण तिच्या बाजूने बोलणारे बहुधा हा भाग गाळतात. याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३पासून १९७५पर्यंत मुख्यमंत्री होते. राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण व्हावे म्हणून त्यांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित वाणाने उत्पादन वाढवले, हे खरे. त्याची अडचण अशी होती की तो गावरान ज्वारीपेक्षा लवकर पिकायचा आणि दाणा पक्व होताना पाऊस सापडला की कणसावर बुरशी चढून ज्वारी काळी पडायची. झाड ठेंगणे, म्हणून कडबा थोडा. भाकर गावरान ज्वारीसारखी होत नसे. काळ्या ज्वारीला बाजारात किंमत नाही आणि गोठ्याला पुरेसा कडबा नाही, अशा दोन्हीकडून ती शेतकऱ्याच्या मनातून उतरली. १९७० साली सुरतेला तयार झालेला एच-४ हा संकरित कापूस, १९७२ची एकाधिकार कापूस खरेदी योजना, नव्वदच्या दशकातले सोयाबीन आणि २००२ला परवानगी मिळालेले बीटी बियाणे यांनी उरलेली जागा घेतली. राज्यातले खरीप ज्वारीचे क्षेत्र ऐंशीच्या दशकात होते त्याचा लहानसा अंश आज उरला आहे. म्हणून ज्वारी परत आणायची तर जुन्या आठवणींवर ती येणार नाही. उंच ताटाचा, एकशेदहा दिवसांच्या पुढचा, पावसात काळा न पडणारा वाण हवा, आणि पेरणी जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा पहिला आठवडा एवढ्या फटीत झाली पाहिजे. आधी पेरली तर दाणा पावसात सापडतो, उशीर झाला तर खोडमाशी पोंगे खाते.

आता माझ्या म्हणण्यातली सर्वांत नाजूक जागा. उतारावर धान्य घेतले की माती वाचते, असे सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही. भूसंवर्धनाच्या शास्त्रात ज्वारी ही कापसाप्रमाणेच धूप होऊ देणाऱ्या पिकांत मोडते. दोन ओळींत उघडी जमीन राहते आणि पावसाचे थेंब तिच्यावर थेट पडतात. माती धरून ठेवतात ती जमीन झाकणारी पिके, म्हणजे मूग, उडीद, भुईमूग, कुळीथ. दीड फुटावर पेरलेले सोयाबीनसुद्धा ऑगस्टात जमीन झाकते आणि कापसापेक्षा धूप कमी होऊ देते. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. मग बरडावर ज्वारी कशासाठी? तिच्या कडब्यासाठी आणि मुळांसाठी. कापसाची पऱ्हाटी जनावर खात नाही, ती धुऱ्यावर जाळली जाते किंवा चुलीत जाते. सोयाबीनचे कुटार थोडे आणि पोषणाला हलके, शिवाय मळणीयंत्र जिथे उभे असेल तिथेच ढीग होऊन पडते. ज्वारी मात्र दाण्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा कडबा देते, तो गोठ्यात जातो, शेण होते, खत होते आणि ते खत बरडाला परत येते. जमिनीत राहिलेली धसकटे आणि तंतुमुळांचे जाळे कुजून हलक्या मातीला जी भुरभुरी पोत देते, ती कापसाच्या सोटमुळाने मिळत नाही. बरडाची ओलावा धरण्याची ताकद वाढवायचा बाहेरून विकत मिळणारा उपाय नाही. खताची गोणी नत्र देते, सेंद्रिय पदार्थ देत नाही. आणि ओलावा सेंद्रिय पदार्थाने टिकतो. ज्वारीच्या तासांमध्ये मुगाची ओळ घातली की जमीन झाकण्याचे कामही होते. ज्वारी वर वाढते, मूग साठ दिवसांत निघून जातो, त्याचा पाला तिथेच पडतो. दोघांनी मिळून जे काम होते ते कुणा एकट्याने होत नाही.

धूप म्हणजे काय, हे जिल्ह्याने २०२३च्या जुलैत पाहिले. २१-२२ तारखेच्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यापासून यवतमाळपर्यंत नाल्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या, आणि खरडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत द्यावी लागली. इतका पाऊस झाल्यावर कुठलेही पीक सारी माती धरू शकत नाही, ज्वारीही नाही आणि मूगही नाही. पण दर वर्षीच्या साध्या पावसात माथ्यावरची जी माती सुटते, तिची ना बातमी होते ना पंचनामा. दर पावसाळ्यात धुऱ्याच्या खालच्या अंगाला साचणारा गाळ आणि वरच्या अंगाला उघडा पडत जाणारा मुरूम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळा पुरावा देण्याची गरज नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची एक जुनी शिफारस आहे: सहा ओळी कापूस, एक ओळ ज्वारी, दोन ओळी तूर आणि पुन्हा एक ओळ ज्वारी. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण धान्य हवे की पैसा, हा प्रश्नच ती मोडीत काढते. दहापैकी चार तास धान्याचे आणि सहा कापसाचे, दोन्ही एकाच वावरात. ज्वारीच्या कणसावर पक्षी येऊन बसतात आणि कापसातल्या अळ्या टिपतात. ज्वारीवरच्या माव्यावर ढालकिडे वाढतात आणि ते पुढे कापसाच्या माव्यावर उतरतात. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावर जगते. सलग कापूस आणि त्यावर फरदड असली की तिला वर्षभर घर मिळते. २०१७ साली जिल्ह्यात बोंडअळीचा उद्रेक आणि फवारणीतून विषबाधा या दोन आपत्ती एकाच हंगामात आल्या, त्याच्या मागे सलग कापसाचे हे चित्र होते. बीटी बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचे एकशेवीस ग्रॅमचे वेगळे पुडके यायचे, ते वावराच्या कडेने लावायचे असे. बहुतेकांनी ते लावले नाही. कारण सरळ होते: त्यातून काही मिळत नाही, असे वाटत होते. तूर आणि ज्वारीचे तास त्या पुडक्याची जागा घेत नाहीत, त्याचे काम वेगळे आहे. पण सलग कापसाचा पट्टा ते तोडतात, आणि त्यातून खायला डाळ आणि जनावराला वैरण मिळते. खर्च होतो पण हाती काही लागत नाही, असे पीक शेतकरी लावत नाही. ज्यातून हाताला काही लागते, त्याच्या आडून शास्त्र शिवारात येते.

माझ्या मते या शिफारशीत भर घालायची आहे ती उताराची. सहा-एक-दोन-एक हे प्रमाण साऱ्या वावरात सारखे ठेवण्यात अर्थ नाही. नाल्याकाठच्या खोल काळीत कापसाचे तास सहाचे आठ झाले तरी चालतील, तूर मात्र राहावी. मधल्या मध्यम जमिनीत सोयाबीन आणि तूर, चार ओळींना दोन ओळी. सोयाबीन निघाल्यावर विहिरीचे एखादे पाणी असेल तर तिथे हरभरा येतो. माथ्यावरच्या बरडात कापूस नकोच. तिथे ज्वारी आणि मूग, किंवा ज्वारी आणि उडीद, आणि दर दोन-तीन वर्षांनी नुसता मूग-उडीद. असे केले तर पाच एकरांच्या वावरात धान्याखाली दोन-अडीच एकर येतात, पण ते कोणी ठरवून दिलेले प्रमाण नसते. ज्याचे वावर सगळे नाल्याकाठी आहे त्याच्याकडे धान्य कमी, ज्याचे सगळे माथ्यावर आहे त्याच्याकडे जास्त. तालुक्याचा आकडा या बेरजेतून निघावा, वरून खाली येऊ नये.

यावर सर्वांत मोठा आक्षेप भावाचा, आणि तो टाळून चालत नाही. २०२४-२५च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव ३,३७१ रुपये होता, सोयाबीनचा ४,८९२ आणि तुरीचा ७,५५०. समजा बरडावर एकरी चार क्विंटल सोयाबीन झाले, तर हमीभावाने १९,५६८ रुपये. पाच क्विंटल ज्वारी झाली, तर १६,८५५. तफावत २,७१३ रुपयांची. सोयाबीनच्या बियाण्याची एकरी तीस किलोची बॅग लागते आणि ज्वारीला तीन-चार किलो बियाणे पुरते, एवढ्या एका गोष्टीत ही तफावत जवळजवळ भरून निघते. कडबा अजून मोजलाच नाही. त्या हंगामात सोयाबीन बाजारात हमीभावाखाली, चार हजारांच्या आसपास विकले गेले, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण समोरचा लगेच म्हणेल की ज्वारी तरी कुठे हमीभावाने जाते? खरे आहे. खरीप ज्वारी व्यापारी बहुतेकदा बरीच खाली मागतो आणि सरकारी खरेदीचा भरवसा नसतो. दोन्ही पिके बाजारभावाने धरली तर बरडावरचे सोयाबीन ज्वारीला दाण्यात मागे टाकेल. म्हणूनच मी ज्वारी विकण्यासाठी पेरा असे म्हणत नाही. घरच्या भाकरीपुरती ज्वारी घरात राहिली तर तिची किंमत व्यापाऱ्याच्या भावाने धरायची नसते, किराणा दुकानाच्या भावाने धरायची असते, आणि त्या दोन भावांत मोठे अंतर आहे. कडब्याचेही तसेच. उन्हाळ्यात पेंडी विकत घ्यायला निघाले की त्याची किंमत कळते. घरात लागते तेवढे धान्य आणि गोठ्यात लागते तेवढी वैरण, इथवर ज्वारी फायद्याची आहे. त्याच्या पुढचे तास सोयाबीनला द्यायला माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप रेशनचा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय कार्डाला पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३पासून ते फुकट आहे. मग ज्वारी पिकवायची कशाला? रेशनवर या जिल्ह्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ येतो, आणि गव्हा-तांदळासोबत कडबा येत नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३मध्ये ते थांबले आणि त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. निर्णय चांगला की वाईट हा वेगळा विषय. दुकानातले धान्य एका शासन निर्णयाने रकमेत बदलते, आणि त्या रकमेत किती धान्य येईल हे बाजार ठरवतो, एवढे तरी त्यातून दिसले. गरिबाच्या घरी रेशन हवेच, त्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. पण ज्याच्याकडे माथ्यावरची एक-दोन एकर बरड आहे, त्याने घरातली सारी भाकर रेशनवर सोपवून तिथे तोट्यातला कापूस लावणे हा मला चुकीचा सौदा वाटतो.

पाखरे, रोही आणि रानडुकरे यांचा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. शिवारात एकट्याचीच ज्वारी असेल तर तालुक्याची पाखरे त्याच्या वावरात उतरतात आणि दाणा भरायच्या आत कणसे पोकळ होतात. ज्वारी कमी झाली म्हणून पाखरे एकवटतात, आणि पाखरे एकवटतात म्हणून ज्वारी आणखी कमी होते. हे चक्र एकट्याने मोडत नाही. एका टेकाडाच्या माथ्यावर ज्यांची बरडे लागून आहेत, अशा पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात ज्वारी पेरली तर नुकसान वाटले जाते आणि रात्रीची जागल पाळीने करता येते. रोही आणि डुकरे सोयाबीन, हरभरा आणि मका यांनाही सोडत नाहीत, त्यामुळे ज्वारी सोडल्याने रात्रीची जागल संपते असे नाही. वनविभाग पीकनुकसानीची भरपाई देतो, पण पंचनाम्याच्या फेऱ्यांत लहान शेतकरी अर्ध्यावरच थकतो. ही भरपाई लवकर आणि कमी कागदांत मिळाली, तर ज्वारीखालचे क्षेत्र कुठल्याही प्रचारमोहिमेपेक्षा जास्त वाढेल असे मला वाटते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या वर्षीही शेतकऱ्याची मुख्य तक्रार रात्रीच्या जागलीची होती.

मजुरांचे उत्तर त्या मानाने सोपे. ज्वारी कापायची, कणसे खुडायची, पेंड्या बांधायच्या, याला माणसे लागतात. पण कापसाची वेचणी त्याहून महाग आहे, किलोमागे मजुरी द्यावी लागते आणि दिवाळीच्या सुमारास माणसे मिळत नाहीत. बरडावरचा कापूस काढून टाकला तर वेचणीतली माणसे खोल काळीतल्या चांगल्या कापसाकडे वळतात, तिथे एका बाईच्या हाताला दिवसात जास्त किलो येतो आणि तिचीही मजुरी वाढते.

खरा कठीण आक्षेप जनावरांचा आहे. माझे सारे म्हणणे कडबा, गोठा, खत या साखळीवर उभे आहे, आणि साखळीतला गोठाच रिकामा झाला आहे. बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला. वैरण कोण खाणार? हे म्हणणे अर्धे खरे आहे. पेरणी आणि नांगरटीपुरता ट्रॅक्टर आला, पण डवरणीला अजून बैल लागतात आणि ज्यांच्याकडे जोडी नाही ते भाड्याने आणतात. तांड्यांवर आणि गावात शेळ्या आहेत, दुभती जनावरे आहेत. वैरण महाग म्हणून जनावर विकले आणि जनावर नाही म्हणून वैरण पेरली नाही, असे दोन्ही बाजूंनी घडत आले. आधी कोणते दुरुस्त करायचे, तर वैरण, कारण ती एका हंगामात उभी राहते. जिथे खरोखरच एकही जनावर नाही, तिथे कडब्याची कुट्टी करून जमिनीत गाडली किंवा शेजारच्या गोठ्याला कडबा देऊन बदल्यात शेणखत घेतले, तरी बरडाला काही मिळते. ट्रॅक्टरचा दुसरा दोष मात्र मोठा आहे. तो लांब तासांनी चालतो, वळण टाळतो, म्हणून उताराला आडवी पेरणी करायची तिथे उभी पेरणी होते आणि प्रत्येक तास पावसात एक छोटा नाला बनतो. माथ्यावर रोटाव्हेटर फिरवून केलेली पिठासारखी माती पहिल्या पावसात खाली जाते. पीक कोणतेही असो, पेरणी उभी असेल तर वर लिहिलेले सारे फुकट जाते.

उभ्या पेरणीला आणखी एक कारण आहे आणि त्यात ट्रॅक्टरचा दोष नाही. भावांच्या वाटण्या होतात तेव्हा प्रत्येकाला थोडी बरड आणि थोडी काळी यावी म्हणून वावर माथ्यापासून नाल्यापर्यंत उभे चिरले जाते. वाटणी न्यायाची होते, पण प्रत्येकाच्या हातात अरुंद आणि लांब पट्टी येते. तिच्यात आडवे तास घालायला गेले की दहा पावलांत धुरा येतो. उतारावरच्या जमिनीची ही सर्वांत मोठी अडचण आहे आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. यातली जमेची बाजू एवढीच, की उभ्या वाटणीमुळे जवळजवळ प्रत्येक वाटेकऱ्याकडे तिन्ही प्रकारची जमीन असते, म्हणून उतारावर पीक बदलण्याची योजना मोठ्या शेतकऱ्यापुरती राहत नाही. दोन-तीन भावांनी धुरे तसेच ठेवून, खुणेचे दगड कायम ठेवून, पेरणी तेवढी एकत्र आडवी केली आणि उत्पन्न आपापल्या पट्टीप्रमाणे घेतले, तर कायद्याची काहीच आडकाठी नाही. आडकाठी असते ती घराघरांतल्या अबोल्याची, आणि ती सोडवायला कृषी खात्याचा माणूस पुरत नाही.

मग सरकारने हुकूमच का काढू नये? इतक्या टक्के जमिनीत धान्य घेतलेच पाहिजे, असा? चीनने हा मार्ग दोन्ही दिशांनी चालून पाहिला आहे. १९९९पासून तीव्र उताराची शेतजमीन सोडून तिथे झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार धान्य आणि पैसे देऊ लागले. २०२०च्या नोव्हेंबरात तिथल्या मंत्रिमंडळाने नेमके उलटे बजावले, की शेतजमीन बिगर-धान्य पिकांकडे वळू देऊ नये. पहिल्या योजनेत उताराचा विचार होता आणि मोबदला होता, म्हणून ती टिकली. दुसऱ्या हुकमात देशाच्या धान्याची काळजी आहे, ती समजण्यासारखी आहे. पण टेकडीवरच्या फळबागेवर आणि नदीकाठच्या सपाट जमिनीवर एकच नियम लावला की तो दोन्हीकडे अपुरा पडतो. आपल्याकडे हुकूम नाही, पण हुकमासारखे काम करणाऱ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या तांत्रिक समितीने ठरवलेला पीककर्जाचा दर पिकागणिक वेगळा असतो, आणि कापसाला तो ज्वारीपेक्षा जास्त मिळतो. कर्ज कापसाच्या नावाने काढले की बरडावरही कापूसच उभा करावासा वाटतो. विमाही अधिसूचित पिकाचा असतो आणि नुकसान महसूल मंडळाच्या सरासरीवर मोजले जाते, वावराच्या माथ्यावर नाही. २०२१पासूनच्या ई-पीक पाहणीत मिश्र पिकाची नोंद करता येते. त्या नोंदीला कर्ज आणि विमा जोडून दिला तर वेगळ्या हुकमाची गरजच उरणार नाही.

अलीकडे आणखी एक म्हणणे पुढे येते आणि ते तांत्रिकदृष्ट्या दमदार आहे. हलक्या जमिनीसाठी लवकर येणारा, दाट लावलेला कापूस, ओळीत तीन फूट आणि झाडात अर्धा फूट, अशी सघन लागवड नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने मांडली आहे. झाडे लहान, बोंडे थोडी पण एकदम, आणि ओल संपायच्या आत पीक मोकळे. मग बरडावर कापूस का नको? ओलाव्याचे गणित या पद्धतीने बरेच सुटते, हे मी मान्य करतो, आणि मधल्या उतारावर ती करून पाहण्यासारखी आहे. पण माथ्यावर ती माझ्या आक्षेपाला उत्तर देत नाही. कारण तिथला प्रश्न या वर्षीच्या पिकाचा कमी आणि मातीला काय परत गेले याचा जास्त आहे. दाट कापूसही पऱ्हाटीच ठेवून जातो. दहा वर्षे बरडावर सघन कापूस घेतला तर दहा वर्षांनी बरड अधिक पातळ झालेली असेल, आणि मग सघन कापसालाही ओल पुरणार नाही.

इथवरचे सारे ज्याची जमीन स्वतःची आहे त्याच्यासाठी झाले. ठोक्याने वावर करणाऱ्याला ते लागू होत नाही, आणि या तालुक्यात ठोक्याने किंवा बटईने करणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्याचा करार एका हंगामाचा, पैसे बहुधा आधीच दिलेले. तीन वर्षांनी बरड सुधारणार आणि त्याचा फायदा मालकाला होणार, तर त्याने ज्वारीचे तास का घालावेत? त्याच्या जागी कोणीही कापूस किंवा सोयाबीनच घेईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. ठोका निदान तीन वर्षांचा असावा, माथ्यावरच्या बरडाचा भाव नाल्याकाठच्या जमिनीपेक्षा कमी धरावा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेणखत घालण्याचा खर्च ठोक्यातून वजा व्हावा, एवढ्या तीन अटी मालकांनी मान्य केल्या तर ठोकेदारालाही उताराप्रमाणे पीक बदलण्यात रस येईल. मालकाला ते पटवायचे तर त्याच्या वावराचा माथा दाखवून पटवावे लागेल, कारण मुरूम उघडा पडतो आहे तो त्याच्याच मालकीचा.